तुटलं कुठून? दुरुस्तीच्या ओट्यावरच्या प्रकल्प नोंदी, मार्च ते जून २०२५

काम: घरगुती वस्तूंची सामाईक दुरुस्ती. ठिकाण: समाजमंदिराचा ओटा, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा. वेळ: रविवार, सकाळी ८ ते १२. माणसं: बचत गटातल्या बाया, आयटीआय झालेली पोरं, गावातले सुतारकाका.

२ मार्च

नोंदवही आखली. रकाने पाच: वस्तू, तुटली कुठून, कशामुळे, काय बसवलं, किती लागले. दुसरा रकाना रिकामा सोडायचा नाही. बकेट फुटली असं सांगत माणूस येतो; बघावं तर बकेट शाबूत, कडीचा कान गेलेला. बनवणारा पैसा वाचवतो तो जोडावर, म्हणजे कान, रिव्हेट, टर्मिनल, आटे इथेच. आणि घाईतला माणूस वस्तू ओढतो तीही तिथूनच.

अवजारं: पेचकस, पक्कड, टेस्टर, मल्टिमीटर, २५ वॉटचा सोल्डर, हातड्रिल, पॉप रिव्हेटची बंदूक, कानस, जीआय तार, सायकलची जुनी ट्यूब.

सिरीज बोर्ड तयार केला. लाकडी फळीवर एक स्विच, एक होल्डर, एक तीन पिनचं सॉकेट. फेज स्विचमधून बल्बात आणि बल्बातून सॉकेटात. न्यूट्रल थेट सॉकेटात. बल्ब १०० वॉटचा, जुन्या पिवळ्या तारेचाच लागतो, एलईडी चालत नाही. तपासायची वस्तू सॉकेटात लावली आणि बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट असण्याची शक्यता. अजिबात पेटला नाही तर तार कुठेतरी तुटलेली. मंद पेटला तर मोटरीचं वेटोळं निदान सलग आहे, पुढचं तपासावं. हा बोर्ड फ्यूज उडण्यापासून वाचवतो, करंट बसण्यापासून नाही. वस्तूचं अंग तरीही जिवंत असू शकतं, त्यामुळे सिरीजवर लावलेल्या वस्तूला हात नाही.

नियम भिंतीवर लिहिले. वस्तू धुऊन आणायची. कुकर झाकण-शिटीसकट, मिक्सर भांड्यासकट. चिकटपट्टीवर नाव लिहून लावायचं. “जरासं पाहून द्या” म्हणून हातात देऊन निघून जायचं नाही, काय होतं ते सांगूनच जायचं.

९ मार्च

कूलरच कूलर. उन्हाळा तोंडावर आला की सगळ्यांना एकाच दिवशी आठवण होते.

*पंप.* बंद पडलेल्या पंपांपैकी बहुतेक जळालेले नव्हते, क्षारांनी जाम झाले होते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने एका मोसमात पंपाच्या पंख्याभोवती पांढरा थर बसतो. पुढची जाळी काढावी, पंखा सरळ बाहेर ओढावा. त्याच्या मागे चुंबकाचा दंडगोल असतो, तोही सोबत येतो. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत घालून सगळं तासभर बुडवावं आणि जुन्या दातब्रशने घासावं. खरवडायला पेचकस वापरू नये, पंख्याची पाती उडतात. जाळी परत बसवली नाही तर आठवड्यात भुसा अडकून पुन्हा तेच. वेटोळं खरंच तुटलं असेल तर पंप बदलावा, कारण तो डांबरासारख्या लुकणात बंद केलेला असतो. पंपाच्या वायरचा जोड टाकीच्या आत कधीही ठेवू नये, वर कितीही टेप गुंडाळली तरी.

*ताट्या.* नव्या कूलरचा सगळ्यात मोठा दोष इथेच. लाकडी भुसा जाळीत इतका विरळ भरतात की पाणी पडताच तो खाली बसतो आणि वर चार बोटं फट राहते. गरम हवा त्या फटीतून सरळ आत येते, मग घरमालक पंप बदलतो. ताटी काढून उन्हाकडे धरावी. उजेड आरपार दिसला तिथे भुसा कमी. वरचा भाग दाबून भरावा आणि जाळीला मधोमध दोन ठिकाणी तार ओवून बांधावं, म्हणजे खाली घसरत नाही. वरच्या पन्हाळीची भोकं खिळ्याने मोकळी करावी. कूलर तिरपा असेल तर एकच ताटी भिजते, पायाखाली चीप द्यावी.

*पंखा.* नुसता घूं करतो, फिरत नाही. काठीने पात्याला धक्का दिला की फिरतो. असं असेल तर कपॅसिटर (मोटर फिरती करणारा, वीज साठवणारा भाग) गेला. पिन काढून ठेवावी, कपॅसिटरची दोन टोकं विद्युतरोधक मुठीच्या पेचकसाने एकमेकांना टेकवून रिकामा करावा, मग हात लावावा. जुन्यावर जितके मायक्रोफॅरड लिहिले असतील तितक्याचाच नवा घ्यावा. बहुधा २.५ किंवा ४ असतो. जास्तीचा टाकला की पंखा जोरात फिरतो म्हणून लोक खूश होतात, पण मोटर तापते आणि मे महिन्यातच जळते. धक्का देऊनही जड फिरत असेल तर बुश, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो त्या नळ्या, सुकले आहेत. शिलाई मशीनचं तेल, थेंबभरच.

*करंट.* आज उघडलेल्या टिनाच्या कूलरपैकी काहींना तीन पिनची वायर होती, पण अर्थिंगची हिरवी वायर आत नुसती वळवून ठेवलेली. काहींत ती अंगाला जोडलेली होती, पण स्क्रूखाली जाड रंग, म्हणजे जोड नावापुरताच. ही गोष्ट दुकानात दिसत नाही आणि जीव घेते. दुरुस्ती अशी: स्क्रूभोवतीचा रंग रुपयाच्या नाण्याएवढा कानशीने खरवडून टिन चकचकीत करावं, वायरच्या टोकाला लग (धातूची कडी) दाबून बसवावा, दाताचा वॉशर घालून नट घट्ट करावा, वर ग्रीस लावावं. मग मल्टिमीटरचं एक टोक जाड पिनेला आणि दुसरं कूलरच्या अंगाला. एक ओहमच्या आत आकडा आला पाहिजे.

घरातल्या सॉकेटालाच अर्थिंग नसेल तर वरचं सगळं वाया. ते तपासणं वायरमनचं काम. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) मेन स्विचपाशी बसवून घ्यावी, असं प्रत्येक पावतीवर लिहून दिलं. पाणी भरताना, टाकी पुसताना, ताटी सरळ करताना पिन काढलेली असावी. स्विच बंद करणं पुरेसं नाही, कारण गावात निम्म्या बोर्डांवर स्विच न्यूट्रलवर लावलेला सापडतो.

१६ मार्च

प्लास्टिक. आधी ओळख: टोकाचा बारीक तुकडा कापून पाण्यात टाकावा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिथिलीन. बकेट, मग, खुर्च्या, टोपल्या सगळ्या यातल्याच. यावर फेविक्विक धरत नाही, एम-सीलही पापुद्र्यासारखं निघून येतं. गोंदाचा दोष नाही, या प्लास्टिकचा गुणच तसा.

चीर टाके घालून जोडतात. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडावं, नाहीतर चीर पुढे धावत जाते. बाइंडिंग तारेचे इंग्रजी यू आकाराचे तुकडे चिरेवर आडवे ठेवून सोल्डरच्या टोकाने आत दाबावे, वरून त्याच रंगाच्या भंगार प्लास्टिकची पट्टी वितळवून घासावी. काम उघड्यावर करावं, धूर नाकात घेऊ नये. बकेटच्या तळाला हे टिकत नाही. बाजूला टिकतं.

कडीचा कान: १५ लिटरची बकेट म्हणजे १५ किलो वजन दोन चिमुकल्या भोकांवर लटकतं, आणि भोकाचे कोपरे काटकोनी ठेवलेले असतात, चीर तिथूनच सुरू होते. फाटलेल्या कानाच्या इंचभर खाली, काठाच्या जाड पट्टीत गोल भोक पाडून ५ मिमीचा बोल्ट, आत-बाहेर रुंद वॉशर. कडीला जीआय तार, मुठीच्या जागी बागेच्या पाइपाचा तुकडा. आधी अंगठा बकेटवर जोराने घासून बघावा. पांढरी भुकटी निघाली तर प्लास्टिक उन्हाने मेलं, त्यावर मेहनत करू नये.

खुर्चीचा मागचा पाय जिथे बैठकीला मिळतो तिथे चीर असेल तर दुरुस्ती नाही, सरळ नकार. बसणारा माणूस पाठीवर पडतो. लोकांना राग येतो. येऊ दे.

२३ मार्च

नळ. लवकर उरकलं. प्लास्टिकची तोटी पाइपात हाताने बसेना म्हणून पान्याने आवळतात, आटे चिरतात. टेफ्लॉन टेप आठ-दहा वेढे, आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने. उलटी गुंडाळली तर बसवताना गोळा होऊन बाहेर येते. मग हाताने घट्ट आणि वर पान्याने जास्तीत जास्त अर्धा फेरा. गळणाऱ्या पितळी नळाला फक्त आतला वॉशर लागतो. ट्यूबमधून कापलेला वॉशर काही दिवस चालतो, दुकानातला दोन-पाच रुपयांना मिळतो, तोच बरा.

सार्वजनिक नळाची तोटी दोरीने बांधून उघडी ठेवलेली सापडली. दोरी कापली. पुढच्या रविवारी पुन्हा असेल.

३० मार्च

पाडवा. काम बंद. ओट्यावर कुणीतरी मिक्सर ठेवून गेलं. नाव नाही, भांड्यात शेंगदाण्याची चटणी वाळलेली, मुंग्या लागलेल्या.

६ एप्रिल

मिक्सर. त्या बेवारस मिक्सरपासूनच सुरुवात, कारण बिघाड नमुनेदार होता.

चालूच होत नाही म्हणून आणलेल्यांत तळाचं लाल बटण दाबल्यावर सुरू झालेले बरेच. जास्त भार आला की हे बटण बाहेर येऊन मोटर वाचवतं. थंड होऊ द्यावं, मग दाबावं. वारंवार उडत असेल तर भांडं गळ्यापर्यंत भरलं जातंय, किंवा पात्याचा बुश जाम आहे.

मोटर फिरते, पातं फिरत नाही: कपलरचे, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणाऱ्या दातेरी चकतीचे, दात झिजले. झिजण्याचं कारण ठरलेलं. मोटर पूर्ण थांबायच्या आत भांडं उचलणं. काढायची रीत: मोटर ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला कपलर फिरवला की सुटतो, कारण चालताना आवळत जावा म्हणून आटे तसे पाडलेले असतात. लोक सवयीने उलटे फिरवतात आणि आणखी घट्ट करून बसतात. बऱ्याच मॉडेलांत मोटरीच्या दांड्याला तळातून खाच असते, तिथे पेचकस अडकवून दांडा धरावा. नवा कपलर घेताना जुना सोबत न्यावा. दात तेवढेच असले तरी भोकाचं माप वेगळं निघतं. आर्वीत मिळाला नाही तर वर्धा, तिथेही नाही तर नागपूरची इतवारी.

भांड्याखालून पाणी गळणं हा छोटा बिघाड मोठा होतो. बुश झिजला की चटणीचं पाणी दांड्यावरून खाली उतरतं, मोटरीच्या वरच्या बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुतं, आणि महिनाभरात किंचाळण्याचा आवाज सुरू होतो. बुश-वॉशरचा संच बदलणं स्वस्त, बेअरिंग महाग. पातं बोटाने डावी-उजवीकडे हलवून बघावं. खटखट वाजलं तर बुश गेला.

ठिणग्या आणि जळका वास: कार्बन ब्रश, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे दोन तुकडे. पाच-सहा मिमीपेक्षा आखूड झाला असेल तर दोन्ही बदलावे, एक नाही. नवीन बसवल्यावर रिकामं भांडं लावून मिनिटभर कमी वेगावर चालवावं, म्हणजे ब्रशचं तोंड घासून गोलाईला बसतं.

१३ एप्रिल

उद्या भीमजयंती. समाजमंदिरात लायटिंगच्या माळा, साउंड आणि सगळं एकाच एक्स्टेंशनवर. म्हणून आज फक्त एक्स्टेंशन बोर्ड.

वायर आधी. टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडली. आत पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ही तार दोन-चारदा वाकवली की तुटते आणि स्क्रूखाली दबून सैल होत जाते. मग तिथे ठिणगी, उष्णता, वितळलेलं प्लास्टिक. सॉकेटाच्या आतल्या पट्ट्यांना चुंबक लावला. चिकटला म्हणजे लोखंड, पितळ नाही. लोखंडाची पकड तापून ढिली होते. पिन लावल्यावर आपल्या वजनाने खाली लोंबते ती हीच.

हिशेब सोपा: वॉट भागिले २३०. १००० वॉटची इस्त्री ४.३ अँपिअर, १५०० वॉटचा पाण्याचा रॉड ६.५ अँपिअर. म्हणजे ६ अँपिअरच्या बोर्डावर रॉड लावायचाच नाही, आणि इस्त्रीसोबत दुसरं काही नाही. कूलर-पंखा-चार्जर खुशाल चालवावे. ६ अँपिअरच्या बोर्डाला १ चौरस मिमीची, १६ ला २.५ चौरस मिमीची शुद्ध तांब्याची वायर टाकली. टोकं पिळून दुहेरी वळवून स्क्रूखाली दिली, आणि वायर बाहेर पडते तिथे आत क्लिप लावली, म्हणजे ओढलं तर ताण टर्मिनलवर येत नाही. वायर धरून पिन उपटणाऱ्यांसाठीच ही क्लिप आहे. बोर्डावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं: पिन धरून काढा.

जास्तीची वायर गुंडाळीत ठेवून चालवली की गुंडाळी तापते. सगळी उलगडावी.

२० एप्रिल

कुरोड्या-शेवयांचे दिवस. सोऱ्ये आले. हलक्या ॲल्युमिनियमच्या सोऱ्याचा दट्ट्या नळीपेक्षा दोन-तीन मिमीने लहान असतो, त्यामुळे गव्हाचा चीक खाली न उतरता वर चढतो आणि बाई मूठ फिरवून फिरवून थकते. सुतारकाकांनी जुन्या जाड खाद्य-दर्जाच्या कापपाटातून नळीच्या मापाची चकती कापली, दट्ट्याखाली सैल ठेवली. चीक वर येणं थांबलं. मुठीचे आटे ॲल्युमिनियममध्येच पाडलेले असतील तर ते एका उन्हाळ्यात खाल्ले जातात, त्याला उपाय नाही. घ्यायचाच असेल तर पितळी सोऱ्या किंवा गावातल्या सुताराचा लाकडी.

२७ एप्रिल

कुकर. इथे काय करणार नाही ते आधी. फुगलेला तळ, वाकलेला काठ, भेगाळलेलं झाकण: परत. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी एम-सील भरलेला एक कुकर आला, तो भंगारातच ठेवून घेतला. व्हॉल्व्हमधला धातू ठरावीक उष्णतेला वितळून वाफ सोडण्यासाठीच असतो. ती वाट बुजवली तर वाफ झाकण घेऊन निघते.

शिटी होत नाही याची कारणं तपासायचा क्रम: शिटीखालची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का, मग रबर, मग काठ. नळीत डाळीची फेसाळी वाळलेली असते. तारेने मोकळी करावी, फुंकून बघावी. रबर कडक झालं असेल, वळवल्यावर बारीक चिरा दिसत असतील तर बदलावं. दुसऱ्या कंपनीची शिटी बसते म्हणून लावू नये, वजन वेगळं असतं आणि दाब त्या वजनावर ठरतो. साधारण दाब हवेपेक्षा एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त, पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं.

काळ्या मुठी जळतात त्या बर्नर मोठा आणि कुकर लहान असल्यामुळे. जाळ तळाच्या बाहेर येऊ देऊ नये. स्क्रू दर महिन्याला आवळावा.

नवीन घेताना आयएसआय खूण आणि आयएस २३४७ (कुकरच्या भारतीय मानकाचा क्रमांक) बघावं. २०२० च्या केंद्राच्या आदेशाने घरगुती कुकरला ती सक्तीची झाली. बाजाराच्या दिवशी पालावर विकतात त्यावर खूण कधी असते, कधी स्टिकर असतो, कधी नुसतंच ‘सुपर क्वालिटी’. खुणेसोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. पोरांनी ते बायांच्या फोनमध्ये टाकून दिलं.

४ मे

लग्नसराईतून परत आलेली सामाईक भांडी आणि खुर्च्या तपासल्या. मोठ्या गंजाचे (पातेल्याचे) कान निघालेले, कोपराचा (परातीचा) काठ चेपलेला, झाऱ्याचा दांडा डुगडुगतो. झारे-पळ्या स्पॉट वेल्डिंगच्या. दांडा दोन ठिपक्यांवर चिकटवलेला. ठिपक्यांच्या मधून ४ मिमीचं भोक पाडून स्टीलचे रिव्हेट मारले. ॲल्युमिनियमचे रिव्हेट इथे नकोत, मीठ-आंबटाने खातात.

नेणाऱ्यांसाठी नवी पद्धत ठरली. नेताना आणि आणताना वस्तू दोघांनी मिळून मोजायच्या, वहीत दोघांची सही. भांडी घासलेली, कोरडी. खुर्च्या दहापेक्षा जास्त एकावर एक रचायच्या नाहीत, ओढत न्यायच्या नाहीत. शिडी ज्याच्या घरून नेली त्याच्याच घरी परत, तिसऱ्याकडे नाही. अनामत दोनशे रुपये, नात्यातल्यालाही. शेवटच्या कलमावर सगळ्यात जास्त चर्चा झाली.

१८ मे

एलईडी बल्ब. ९ वॉटच्या बल्बात आतल्या पट्टीवरचे ठिपके सहसा एकामागोमाग एक जोडलेले असतात, एक जळाला की सगळे बंद. जळालेल्यावर काळा ठिपका दिसतो. स्वस्त बल्बात ॲल्युमिनियमची पट्टी पातळ आणि बल्बच्या अंगाला नीट न टेकणारी असते, उष्णता बाहेर जात नाही; बंद झुंबरात लावलेला बल्ब लवकर जातो तो त्यामुळेच. जळालेला ठिपका काढून त्याच व्होल्टचा नवा लावता येतो. नुसता जोडून देणारेही आहेत, पण मग उरलेल्यांवर भार वाढतो. उघडल्यावर लगेच बोट लावू नये, कपॅसिटरमध्ये चार्ज असतो. मुलांच्या हातात हे काम दिलं नाही.

बंद केल्यावरही मंद पेटत राहणारा बल्ब सहसा खराब नसतो. बहुधा स्विच न्यूट्रलवर आहे. वायर अदलाबदल करून घ्यावी.

आज आलेल्या निम्म्या वस्तू गॅरंटीतल्या होत्या आणि एकाहीसोबत बिल नव्हतं. बिल मागितलं की दुकानदार दर वाढवून सांगतो, हे खरं. तरी मागावं. बिल असून दुकानदार दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

१ जून

कूलर बांधून ठेवायचं पत्रक वाटलं, मृगाआधी करायचं. टाकी रिकामी करून गाळ काढावा, दोन दिवस उन्हात वाळू द्यावी. गंजलेला भाग पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड, तो सुकल्यावर टाकीच्या आत काळा डांबरी रंग. ओल्यावर मारला तर पोपडे येतात. ताट्या झटकून उन्हात घालाव्या, काळ्या पडून वास येत असेल तर फेकाव्या, पुढच्या वर्षीसाठी ठेवू नयेत. पंप लिंबूसताच्या पाण्यात साफ करून, कोरडा करून कागदात गुंडाळावा. वायर मोटरीभोवती करकचून गुंडाळू नये, सैल वेटोळं करून बांधावं. उंदीर हिरव्या वायरपासूनच सुरू करतात असं नाही, पण पुढच्या मार्चमध्ये आधी तीच तपासावी.

ओट्यावर पडून असलेल्या वस्तू: पाडव्याचा मिक्सर (दुरुस्त, कपलर नवीन), दोन इस्त्र्या, एक शिटी नसलेला कुकर. १५ जूनपर्यंत न नेल्यास मिक्सर अंगणवाडीला, बाकी सुट्या भागांच्या पेटीत.